जेबिझचे आईबाप

नवऱ्याला, कथबर्ट पिअर्टला, मातीआड करून आले, त्या दिवसापासून विनीला काही वाटेनासंच झालं होतं. रडू नाही, राग नाही, भूकही नाही. इंग्लंडच्या उत्तरेतल्या बिशप ऑकलंड गावात त्यांच्या गल्लीतल्या बायका आधी म्हणाल्या, बाई धीराची. मग म्हणू लागल्या, बाई दगडाची. दोन्ही विनीच्या कानांवर आलं आणि दोन्ही तिनं सोडून दिलं.

कथबर्टनं उभा जन्म बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर एकच ध्यास घेतला: खापरपणजोबा जेबिझचे आईबाप शोधायचे. जेबिझ राणीच्या पलटणीतला साधा शिपाई. एकवीस वर्षं नोकरी करून हिंदुस्थानातून परतला, याच गावात राहिला, इथंच मेला. त्याच्यापासून पुढचं घराणं सगळं माहीत होतं, मागं मात्र अंधार. पलटणीच्या कागदावर जन्म वेअरडेलचा, एवढंच. त्या खोऱ्यात, शिशाच्या खाणींवरच्या वस्तीत, या नावाची दोन पोरं जन्मल्याचं सापडलं. एक लोहार होऊन यॉर्कला गेलेला. दुसरा जोसेफ आणि हॅनाचा मुलगा, तो तरणाच वारलेला. थडग्यांच्या छापील यादीत त्याच्या मरणाचं वर्ष होतं. म्हणजे दोघंही बाद. कथबर्ट तिथं अडकला तो अडकलाच, आणि फेब्रुवारीत एका सकाळी बुटांचे बंद बांधता बांधता गेला.

मे महिन्यात त्याची बहीण म्युरिएल दारात येऊन उभी राहिली.

"कोट घाल. वर खोऱ्यात जायचंय. ते थडगं तरी बघून येऊ. आमच्या कथबर्टला जमलं नाही त्या गुडघ्यापायी."

"मेलेल्या पोराचं थडगं बघून काय करायचंय?"

"आणि घरात बसून काय करतेयस? भिंतींना सोबत?"

विनीनं कोट घातला. नाही म्हणायलाही जोर लागतो, तेवढा तिच्यात नव्हता.

वस्तीत शिरतानाच मेथडिस्टांचं, त्या कर्मठ ख्रिस्ती पंथाचं, प्रार्थनाघर लागतं. बस तिथंच थांबली. आवारातल्या थडग्यांमधून, ओल्या गवतातून हिंडत म्युरिएलनं तो दगड शोधला आणि रुमालानं शेवाळ पुसलं. वर जोसेफ पिअर्ट, खाणकामगार, १८५९. खाली त्याची मुलगी मेरी, वय दोन वर्षं. त्याखाली मुलगा जेबिझ, ३ नोव्हेंबर १८४६. आणि तळाशी, वेगळ्या हाताच्या अक्षरात, पत्नी हॅना, १८७१.

"तीन नोव्हेंबर," विनी म्हणाली. "ही तारीख मला माहितेय."

"तुला कशी?"

"जेवताना रोज ऐकलीय. जेबिझनं न्यूकॅसलला पलटणीत नाव घातलं, तो दिवस."

म्युरिएल कुंपणाच्या भिंतीवर बसली.

"आमची आजी म्हणायची, दारू आणि पलटण, प्रार्थनाघरातल्या माणसाला दोन्ही सारखंच पाप. पण म्हणून जिवंत पोराला मारलं की गं यांनी."

"बापानं नाही. सगळ्यात वर त्याचंच नाव आहे, म्हणजे दगड बाप गेल्यावर बसवलाय. हॅनानं कोरून घेतलंय हे."

"ही कसली आई?"

"इतकी वर्षं झाली तरी तारीख विसरली नव्हती ती," विनी म्हणाली.

म्युरिएल रडायला लागली, आधी हळू, मग चांगली हुंदके देऊन. विनी दगडाकडं बघत होती. जेबिझ परतला सदुसष्ट साली. हॅना त्यानंतर चार वर्षं होती. तो खोऱ्याच्या खालच्या टोकाला, ती वरच्या.

"भेटायला आला असेल का गं तो?" म्युरिएलनं डोळे पुसत विचारलं.

"कुणाला ठाऊक. आला असला तरी घराआधी हा दगड लागला असेल."

आता काहीतरी वाटेल म्हणून विनी थांबली. वाटलं नाही. कथबर्ट म्हणाला असता, यादी करणाऱ्याच्या हाताला काय झालं होतं पुरती तारीख लिहायला? एवढं मात्र तिच्या मनात आलं, आणि त्याच्या आवाजासकट आलं. तशी ती घाईनं वळली आणि म्हणाली, "चल, बस चुकेल."

घरी आल्यावर तिनं कथबर्टचा वंशवृक्ष उलगडला आणि जेबिझच्या वरच्या रिकाम्या चौकटींत जोसेफ आणि हॅना ही नावं पेननं लिहिली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

ऑगस्टमध्ये सगळे पिअर्ट म्युरिएलकडं चहाला जमले. चुलतदीर स्टॅन्ली तावातावानं म्हणाला, "ती ओळ घासून काढू या. वर्गणी मी गोळा करतो. खोटं आहे ते."

"राहू दे," विनी म्हणाली.

"अगं पण तो जिवंत होता."

"तिला माहीत नव्हतं होय ते? तिला पोरगा परत मिळायचा नव्हता, म्हणून तिनं दगडावर का होईना, जवळ ठेवला असेल. नाहीतर रागानं कोरला असेल. आपल्याला काय कळतंय, स्टॅन्ली?"

म्युरिएलनं केकची बशी पुढं सरकवली. विनीनं तुकडा घेतला आणि सावकाश चावून खाल्ला. गोड होता की नाही, कुणी विचारलं असतं तर तिला अजून नीट सांगता आलं नसतं.