दोघांत एक पुस्तक

लग्नानंतर पिशोरहून निघाले तेव्हा जीप सुरू झाली होती. वडील, म्हणजे अण्णा, खिडकीपाशी आले, नाटकाचं एक पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "मनात वाचू नको. मोठ्यानं वाचत जा." आई त्यांच्यावर चिडली. पोरीला सासरी धाडताना पुस्तक देतं का कुणी, म्हणाली.

अण्णा गावातल्या शाळेत मास्तर. रंगमंचावरचं नाटक आम्ही दोघांनीही कधी बघितलं नव्हतं. आम्ही नाटकं वाचायचो. संध्याकाळी ओसरीवर, दोघांत एक पुस्तक धरून. पुरुष ते, बायका मी. राजेमहाराजांची जुनी नाटकं वाचली, पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातली नवीही वाचली. दिवाणखाना कसा असतो, ते मात्र दोघांनाही धड ठाऊक नव्हतं. आई ज्वारी निवडत ऐकायची. नायिका फारच रडायला लागली की म्हणायची, "लई झालं आता. भाकरी खाऊन घ्या."

औरंगाबादला पुंडलिकनगरात दोन खोल्या मिळाल्या. यांची कंपनीत शिफ्ट. घरी आले की जेवून झोपायचे. त्यांचा काही दोष नव्हता. दुपारी मी पुस्तक काढायची आणि माझी वाक्यं मोठ्यानं म्हणायची. अण्णांची वाक्यं मनात वाचायची, त्यांना लागला असता तेवढा वेळ थांबून. एकदा घरमालकीण काकू दारात आल्या.

"कुणाशी भांडायलीस गं?"

"कुणाशी नाही काकू. नाटक वाचतेय."

"मग समोरचा काहीच कसं बोलंना?"

त्या हसत गेल्या. मला काही हसू आलं नाही. त्यानंतर मी हळू वाचायला लागले.

आई गेल्यावर अण्णांना आग्रहानं इकडं आणलं. त्यांनी कायमचं राहावं, असं मनात होतं. पण ते दिवसभर गॅलरीत बसून रस्ता बघायचे. वाचू या म्हटलं तर म्हणायचे, "इथं मोठ्यानं बोलवत नाय." तेवढ्यात आमचं पाठ झालेलं एक नाटक शहरात लागलं. हे बघून अण्णा रमतील, या आशेनं मी तिकिटं काढली.

पडदा उघडला तसे अण्णा सरसावून बसले. थोड्याच वेळात नायकाची वाक्यं पुटपुटायला लागले, मग जरा मोठ्यानं. पुढच्या रांगेतला माणूस वळला. "काका, आम्हाला ऐकू द्या ना."

अण्णा गप झाले. शेवटपर्यंत हात मांडीवर ठेवून तसेच बसले.

रिक्षात मी विचारलं, "आवडलं का?"

"चांगलं करतात." बरंच पुढं आल्यावर म्हणाले, "पण सगळं तेच बोलले गं. आपल्याला काही ठेवलंच नाय."

दोन दिवसांनी त्यांना पिशोरच्या एसटीत बसवून दिलं. राहा म्हणायचं होतं, पण त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता की म्हणवलं नाही.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगी मोबाईलवर नाटकाची तिकिटं काढून देते, मी आवडीनं जाते. गावाकडचे विचारतात, तू आता तिकडचीच झालीस ना? मी हो म्हणते. पण घर म्हटलं की मला भिंती आठवत नाहीत. माझं वाक्य संपेपर्यंत ओळीवर बोट ठेवून कुणीतरी थांबलेलं आठवतं. तसं इथं कुणी थांबत नाही, आणि पिशोरलाही आता कुणी नाही.