माठाखालची वाळू

उन्हाळ्यात माठाखालची वाळू भिजवली की मला कापराचा वास येतो, जवळ कापूर नसला तरी. ब्रह्मदेशातल्या दाट, सदा ओल्या रानांत फुलपाखरं गोळा करणारे माझे मामा युद्धात चालत परतले आणि आमच्या नगरच्या घरी राहिले. ते कुणाशी फारसं बोलत नसत. सगळा संग्रह तिकडेच गेला होता. उरलं होतं कागदाच्या पुडीत पंख मिटून वाळलेलं एकच फुलपाखरू. एकदा त्यांनी माठाखालची ओली वाळू डब्यात भरली, वर कापूर आणि ती पुडी ठेवून झाकण लावलं. "देवाला कापूर ठेवला नाहीस, दादा," आई म्हणाली. "इथल्या कोरड्या हवेत हे उघडताना मोडेल गं. ओल लागली की पंख मऊ पडतात, आणि कापरानं बुरशी धरत नाही." दोन दिवसांनी डबा उघडला, तेव्हा हिवतापानं त्यांचे हात थरथरत होते. मी कधी काही विचारत नसे, म्हणूनच बहुधा त्यांनी चिमटा माझ्यापुढे धरला. श्वास रोखून मी एकेक पंख उघडला. आत गर्द निळा रंग होता, आणि काहीच मोडलं नाही. "माझ्या सोबत्यानं धरलं होतं हे," मामा म्हणाले. "तो वाटेत गेला." मग दिवेलागणीपर्यंत ते त्याच्याबद्दलच बोलत राहिले, आणि आई उंबऱ्यात बसून ऐकत होती. अजूनही त्या वाळूवर पाणी घालताना माझा हात आपोआप हळू होतो.