नाव विचारणारी शिवकन्या

साखऱ्याच्या मल्हारी मेंढपाळाची शिवकन्या नर्स होऊन हिंगोलीच्या एका खासगी दवाखान्यात लागली, तेव्हा तिला एकच खोड होती. सुई टोचण्याआधी ती पेशंटला नाव विचारायची. बाप मेंढरांनासुद्धा नावानं हाक मारायचा, मग माणसांना काहून न्हाई?

पण त्या दवाखान्याची तऱ्हाच न्यारी! तिथं माणसाला नाव नव्हतं, गाव होतं. साखऱ्याची, नरसीची, औंढ्याची, अशाच हाका. त्यात आपल्याकडच्या बाया! पूर्ण नाव विचारलं की नवऱ्याचं नाव घ्यायला लाजायच्या, तोंडाला पदर लावून हसत बसायच्या. तेवढा वेळ जायचाच.

"सिस्टर, जनगणना करून राहिल्या का?" मोठे डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणायचे. वॉर्ड हसायचा. तिच्या वरच्या वासंती सिस्टर समजावायच्या, "हात चालव, पोरी. इथं जास्तीचं शहाणपण चालत न्हाई." रोज रोज कोण चेष्टा सोसणार हो? शिवकन्यानं विचारणं सोडलं.

एक दिवस वासंती सिस्टरनं तिच्या हातात भरलेली सुई दिली. "नरसीचीला दे."

खिडकीजवळ जनकाबाई पडून होत्या.

"नरसीच्या ना तुमी?"

"व्हय, लेकी." बाईनं हसून दंड पुढं केला.

नरसीची आणखी एक बाई सकाळीच भरती झाली होती. औषध तिचं होतं. जनकाबाईंना ते सोसत नव्हतं, त्यांच्या लेकीनं आल्या आल्या तसं सांगितलंही होतं. बघता बघता बाईंचा श्वास कोंडला. सगळे धावले, पण बाई हाती लागल्या नाहीत.

डॉक्टरांनी दार लावून घेतलं. "हार्ट अटॅक आला. सगळ्यांनी हेच सांगायचं." वासंती सिस्टरनं मान खाली घातली.

शिवकन्याला ते गिळवेना. ती सरळ जनकाबाईंच्या लेकीपुढं जाऊन उभी राहिली. "माझ्या हातानं गेली तुमची माय. दुसरीची सुई दिली. मी नाव विचारलं न्हाई, ताई."

"विचारायचं व्हतं की वो," लेक म्हणाली. "मायनं सांगितलं असतं."

त्याच संध्याकाळी शिवकन्याला घरी बसवलं. दुसऱ्या दिवशी ती आपला डबा न्यायला आली, तर तिच्या जागी नवी पोरगी ट्रे घेऊन उभी होती.

"साखऱ्याची कोण हाय?"

"नाव विचार, बाई!" शिवकन्या दारातूनच ओरडली.

पोरगी गोंधळून वासंती सिस्टरकडं बघू लागली. वासंती सिस्टरनं पदरानं डोळे पुसले.

"हात चालव, पोरी," त्या म्हणाल्या.