मयताचं नाव

विमा म्हणजे माणसाने मृत्यूवर मिळवलेला विजय, असे आमचे साहेब म्हणत. शिक्क्याच्या शाईचा वास आला की मला मात्र एकाहत्तर साली पारनेरजवळच्या एका ओसरीवर घेतलेला जबाब आठवतो. मयताचे पॉलिसीवर एक नाव होते आणि मृत्यूच्या दाखल्यावर दुसरे. खरे कोणते, हे बायकोने सांगितल्याशिवाय तिचा दावा मंजूर होणार नव्हता. "मालकाचं नाव आमी घेत न्हाई," ती म्हणाली. मी गयावया केल्यावर तिने पदर सावरत विचारले, "भाऊ, तुमचं नाव काय?" मी सांगितले. "मग त्येच की!" मी इतका गोंधळलो की मयत म्हणून स्वतःचे नाव सवयीने आडनावासकट लिहिले आणि खाली सही केली. दावा पुढे मंजूर झाला. त्याआधी जबाब एकदा परत आला होता, शेऱ्यासह: 'मयताची सही चालणार नाही.'