तिसऱ्या मजल्यावरचं शटर

सासूबाई पैठणहून आमच्याकडे येणार म्हटल्यावर मी नेहमीप्रमाणे यादी केली. बाथरूममध्ये धरायला दांडा, वॉकर, आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलेला उंच पलंग. पलंग छोट्या बेडरूममध्ये बसला, मी यादीवर खूण केली, आणि मग कळलं की भिंतीतलं कपाट आता उघडत नाही. दार वीतभर पुढे येऊन पलंगावर आपटायचं. फटीतून कोपरापर्यंत हात जायचा. आतलं काही दिसायचं नाही, नुसतं चाचपावं लागायचं. पलंग हलवावा तर एकीकडे खिडकी, एकीकडे खोलीचा दरवाजा.

पहिल्या सकाळी मी त्यांच्यासाठी लुगडं म्हणून जे ओढून काढलं, तो खिडकीचा पडदा निघाला. दुसऱ्यांदा ह्यांची माकडटोपी हाताला लागली.

"ऱ्हाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "घालते तीच."

हसलो आम्ही, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पैठणला त्या एकट्या राहायच्या. बाथरूममध्ये पडल्या तेव्हा दूधवाला येईपर्यंत तिथंच पडून होत्या. त्यांना परत पाठवायचं नाही, हे आमचं दोघांचं ठरलं होतं. त्यांचं ठरलं नव्हतं. तिथं त्यांनी वर्षानुवर्षं बांगड्यांचं दुकान चालवलं, आपल्या किल्लीनं आपलं कुलूप उघडलं. इथं साध्या लुगड्यासाठी सुनेला हाक मारायची.

"चालायला लागले की मला एसटीत बसवून द्या," त्या रोज सांगायच्या. "तिथं कपाट माझ्या हातानं उघडतं."

म्हणजे सगळं त्या दारावर येऊन ठेपलं होतं. मी सुतारमिस्त्रींना बोलावलं. त्यांनी टेप लावून पाहिला, पलंगाकडे पाहिलं, मग म्हणाले, "मॅडम, बेड को ही थोडा काट देते ना."

"आणि आईंनी पाय कुठं ठेवायचे?"

"हां, वो भी सोचना पडेगा."

विचार करून त्यांनी तीन पर्याय दिले: सरकतं दार, घडीचं दार, नाहीतर सरळ पडदा. वापरून बघितल्याशिवाय मी चमचासुद्धा विकत घेत नाही. म्हणून कपाटाचं जुनं दार काढून ठेवलं आणि ह्यांना त्या जागी उभं केलं. ह्यांची नोकरी कंपनीत यंत्रं तपासायची, त्यामुळे दार होणं त्यांना जड जाऊ नये असं माझं मत होतं. छातीशी कॅरमबोर्ड धरून हे उभे राहिले.

"सरक," पलंगावरून हुकूम आला. हे सरकले. अर्धं कपाट दिसलं, अर्धं कॅरमबोर्डामागे गेलं.

"आता तिकडं." हे तिकडं सरकले. आधी दिसत होतं ते झाकलं गेलं.

"म्हंजे कायम अर्धंच दुकान उघडं? गिऱ्हाइकाला काय सांगू, हिरव्या बांगड्यांना दुपारनंतर या म्हणून?"

"आई, गिऱ्हाईक नाही येणार. तुमची लुगडी आहेत."

"लुगड्यांनी काय पाप केलंय?"

घडीच्या दाराला दोन माणसं हवी होती. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, पाण्याची टाकी धुणार आहेत हे सांगायला आले. त्यांना मी ह्यांच्या शेजारी उभं केलं आणि कोपराला कोपर लावायला सांगितलं. दोघं मधून दुमडले. सेक्रेटरींचं पोट पुढे आलं ते थेट वॉकरला टेकलं.

"हे दार लई जाड हाय," सासूबाई म्हणाल्या.

पडद्याबद्दल त्यांनी एकच विचारलं, त्याला कुलूप लागतं का. मग त्यांनी कपाटाकडे बोट केलं. "शटर बसवा," म्हणाल्या. "पुढं येत नाय, बाजूला जात नाय. वर जातं."

मिस्त्री म्हणाले, "अम्मा, वो तो दुकान का होता."

"मग मी काय बंगल्यात जन्म काढला का?"

मी मोंढ्याच्या बाजारातल्या शटरवाल्याला फोन लावला. तो आला, माप घेतलं आणि पाटी कुठं लावणार ते विचारलं. पाटी नको, म्हटलं. पण वाकावं लागणार नाही असं कर. त्यानं खालचा गुडघाभर भाग फळीनं बंद केला आणि कुलूप बसल्या जागी हाताशी येईल असं घेतलं.

शटर जिन्यातून वर येताना सेक्रेटरींनी पाहिलं आणि ते मागोमाग आले.

"वहिनी, आपल्या इमारतीत धंद्याला परवानगी नाही."

"अहो, तुम्ही स्वतः त्या कपाटाचं दार होतात!"

"दार होतो तेव्हा मला धंद्याची कल्पना नव्हती."

शटर बसलं. सासूबाई पलंगाच्या कडेला सरकल्या, किल्ली फिरवली आणि एका हातानं शटर वर ढकललं. सबंध मजल्याला ऐकू जाईल असा खडखडाट झाला. त्यांनी फळीला हात लावून तो कपाळाला लावला. दुकान उघडताना दिसलं की हात जोडायची सवय असावी, सेक्रेटरींचेही हात जोडले गेले. समोर सगळी लुगडी एका नजरेत दिसत होती.

"काय विकणार मग?" सेक्रेटरींनी हळूच विचारलं.

"काय नाय. बघायची तर बघा."

त्यांनी बघितली. सासूबाई एकेक काढून पलंगावर पसरत गेल्या. शेवटी सेक्रेटरी एका जांभळ्या लुगड्याचा पदर हातात घेऊन म्हणाले, "हे कितीला?"

"ते विकायचं नाय," म्हणत सासूबाईंनी शटर खाली ओढलं.

काही दिवसांनी मी स्वयंपाकघरात होते. आतून त्यांचा फोन ऐकू आला. पलीकडे पैठणची शेजारीण होती.

"अगं, माझी शेगडी तू घेऊन जा... उसनी नाय गं, ठेवूनच घे."

नीट ऐकू यावं म्हणून मी मिक्सर बंद केला.

"येईन की," त्या सांगत होत्या, "पण सुट्टीच्या दिवशी. एरवी इथलं शटर कोण उघडणार?"