वाळलेली कणीक

पोळ्यांसाठी कणीक भिजवली की त्या ओल्या वासानं मला चांद्यातलं देऊळ आठवतं आणि अजून डोकं फिरतं.

माझे चुलते, तात्या, भजनात पखवाज वाजवायचे. एकदा त्या देवळात त्यांचाच सत्कार होता. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापून ते वाजवायला तयार बसले होते. पाहुण्यांची भाषणं मात्र संपेनात. शेवटी तात्यांना शाल घालून, फोटो काढून पाहुणे निघाले. त्यांच्यामागं गर्दीही गेली.

तात्यांनी तडकलेली कणीक नखानं खरवडली. "वाळली ही. नवी लावतो, पर ऐकायला कोण हाय?"

तेव्हा मला ती शाल फार भारी वाटली होती. आता वाटतं, पहिल्याच भाषणाला ती पाहुण्याच्या तोंडात कोंबायला हवी होती.