सासुरवाडीच्या ओट्यावर भाजलेला कांदा

नागपूर स्टेशनवर उतरलो तेव्हा डिसेंबरची थंडी चांगलीच बोचत होती. आजवर या गावात मी जावई म्हणून आलो तो ताटावर बसायला. या खेपेला पिशवीत माझी सुरी होती. सासूबाईंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. वाफ, धूर आणि कांदा यांच्यापासून लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सासऱ्यांच्या घशाखाली डब्याचं जेवण उतरत नव्हतं. त्यांनी ताट सरकवलं की सासूबाई भिंत चाचपत ओट्याकडे निघत. बायकोला पुण्याहून रजा मिळेना, म्हणून त्यांना ओट्यापासून लांब ठेवायला मी आलो.

सीताबर्डीला मेट्रो बदलून प्रतापनगर गाठलं. सासरे दारातच होते.

"जावईबापू सैपाक करतीन? लोकं काय म्हणतीन?"

"लोकांना जेवायला बोलावू," मी म्हणालो. आतून सासूबाई हसल्या. काळ्या चष्म्यात त्या एवढ्याशा दिसत होत्या. इतकी वर्षं त्यांच्या हातचं खाऊन मी त्यांना साधा चहाही करून दिला नव्हता, हे नेमकं तेव्हाच मनात आलं.

संध्याकाळी कांद्याचं सूप केलं. बारीक चिरलेला कांदा लोण्यावर मंद आचेवर बदामी केला, चिमूटभर कणीक, पाणी, मिरपूड. सासूबाईंनी वाटी संपवली. सासऱ्यांनी चमचा वर धरून पाहिलं.

"हे तर सर्दीवरचं औषध दिसून राहिलं. जेवायले काय हाय?"

सासूबाई लगेच उठल्या. मी वाट अडवली. शेवटी त्यांनी शिजवून थापलेल्या बेसनाच्या वड्यांच्या रश्श्याची अट घातली. "उद्या पाटोडीचा रस्सा करा. ह्यांनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली, तर डॉक्टर म्हणतीन तोवर मी खुर्ची सोडत नाही. नाही केली, तर मंग मले अडवू नका."

सकाळी कोपऱ्यावरून लालबुंद, चकचकीत कांदे आणले. एक भाजायला गॅसवरच्या जाळीवर ठेवला. तो चुरचुरत पाणी गाळू लागला. वरून काळा, आतून कच्चाच.

"नवा कांदा हाय तो," बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "भाजून नाही, उकडून राहिले तुम्ही!"

रंगाला भुललो याची लाज वाटली. नव्या कांद्यात पाणी फार. रस्सा गोडसर होतो. सुकलेला जुना कांदा हवा होता, आणि डिसेंबरात तो संपत आलेला असतो. तडक सीताबर्डीला गेलो. कपड्यांच्या दुकानांसमोरच्या गर्दीतून वाट काढत भाजीवाल्यांना विचारत सुटलो. एका बाईंकडे पोत्याच्या तळाशी थोडा उरला होता, अर्ध्याला कोंब फुटलेले. मी खाली बसून एकेक उचलू लागलो. मान दाबून पाहायची. मऊ लागली की बाजूला. साल वाजायला हवी आणि आकाराच्या मानाने कांदा जड लागायला हवा.

"भाऊ, कांदे घेऊन राहिले का पोरगी पाहून राहिले?"

"सासूबाईंना दाखवायचेत."

"अरे देवा! मंग नीटच पाहा."

परत येऊन कांदे सालीसकट जाळीवर ठेवले. धूर पाहून मी घाबरलो आणि धूर ओढणारा पंखा लावला.

"पंखा बंद करा," सासूबाई ओरडल्या. "मले वास येऊन नाही राहिला. सांगू कसं?"

त्या नुसत्या वासावर मला रस्सा करायला लावणार होत्या आणि मलाही तो आधार हवा होता. पण धूर त्यांच्या डोळ्याकडे गेला असता.

"बंद करणार नाही, आई."

पुढचं सगळं माझ्या नाकावर. आधी तिखट वास आला, मग गोड. हात चिमट्याकडे गेला, पण तसाच थांबलो. गोडाच्या मागून जळका, खमंग वास आला आणि कांदा दाबल्यावर लोण्यासारखा बसला, तेव्हा उतरवला. भाजलेलं खोबरं, खसखस, काळा मसाला घालून वाटलं आणि कडेला तेल सुटेपर्यंत परतलं. रस्सा काळाभोर झाला. बेसन शिजवून थापलं आणि पाटोड्या कापून उकळीत सोडल्या.

सासरे जेवायला बसले. भाकरी कुस्करली, भुरका मारला, नाक पुसलं. मी वाढायचा चमचा हातात धरून उभा. त्यांनी वाटी उचलली आणि सवयीने ओट्याकडे धरली.

"अवं, वाढ थोडा."

"मी इथं बसली हाओ, तुमच्या बाजूले!" सासूबाई म्हणाल्या. "त्याइले सांगा."

सासऱ्यांनी वाटी माझ्याकडे वळवली. "भरून टाका, बापू. काहून हात आखडता?"

मी काठोकाठ भरली. सासूबाईंनी बोट बुडवून चाखलं, "खोबरं कमी," म्हणाल्या आणि खुर्चीत मागे टेकल्या. आठवडाभर त्या ओट्याकडे फिरकल्या नाहीत. मी पातीचा झुणका केला, कांदा-वांगं केलं, फोडणीचा भात केला. तपासणीत डॉक्टरांनी डोळा उत्तम म्हटलं. घरी येताच त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तेला-मसाल्याने माखलेली शेगडी पाहून कपाळावर हात मारला.

"नव्या डोळ्यानं पहिलं हे पाहायचं होतं का?"

निघताना मी वाकलो, तर त्यांनी माझे हात धरून नाकाशी नेले आणि चष्म्याआड हसल्या.

सासुरवाडीहून परतताना दरवेळी मी गाडीत जडावून झोपतो आणि मनातून ओशाळलेला असतो. या वेळी खिडकीशी टक्क जागा होतो. दुसऱ्याने वाढलेलं पोटभर खाण्यापेक्षा आपण वाढलेलं कुणी पुन्हा मागावं, हे सुख मोठं आहे. मला ते उशिरा कळलं, पण कळलं. समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "नागपूरला कामासाठी?"

"सासुरवाडीला."

"मग काय, मजा! बसून खाणं."

"छे," मी म्हणालो, "स्वयंपाकाला गेलो होतो."